ज्येष्ठेच्या वरची काळोखी जागा: ताऱ्यांच्या जन्मस्थळी सेंद्रिय रेणू कसे ओळखायचे

मे महिन्यात सोलापुरात रात्री अकरा वाजले तरी भिंतींची धग जात नाही, म्हणून निम्मं शहर गच्चीवर अंथरूण टाकतं. महिनाअखेरीच्या अशा एखाद्या रात्री बाराच्या सुमारास पडल्या पडल्या दक्षिणेकडे बघा. क्षितिज आणि डोक्यावरचं आकाश यांच्या साधारण मधोमध वृश्चिकातली तांबूस ज्येष्ठा दिसेल. हात लांब करून अंगठा आडवा धरा आणि त्याची खालची कड ज्येष्ठेला टेकवा. अंगठ्याची रुंदी साधारण दोन अंश भरते. वरच्या कडेपाशी डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण तिथे सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षांवर धुळीच्या दाट ढगात दोन तारे जन्म घेत आहेत. त्या जागेचं नाव आयरास १६२९३-२४२२. २०१२ साली तिथल्या वायूत ग्लायकोलअल्डिहाइड सापडलं. साखरेच्या कुळातला हा सगळ्यात छोटा रेणू. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात वाढलेल्या मला ही बातमी वाचून त्या रात्री झोप लागली नव्हती.

असे रेणू कसे ओळखतात, हे घरबसल्या स्वतः करून बघता येतं. बारावीचं भौतिकशास्त्र, बऱ्यापैकी लॅपटॉप आणि काही आठवड्यांच्या संध्याकाळी एवढं भांडवल पुरतं.

दुर्बीण लागत नाही. उलट कितीही मोठी दुर्बीण गच्चीवर ठेवली तरी हे काम तिच्याने होणार नाही. हे रेणू मुख्यतः मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरींत बोलतात आणि हवेतली वाफ त्या लहरी गिळते. सोलापूर पर्जन्यछायेतलं, कोरडं म्हणून ओळखलं जातं, तरी आपल्या डोक्यावरची वाफ या कामासाठी फारच जास्त. म्हणूनच आल्मा ही ६६ तबकड्यांची वेधशाळा चिलीच्या अटाकामा वाळवंटात ५००० मीटर उंचीवर बांधली. तिची निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर, बहुतेक वेळा एका वर्षाने, सगळ्यांसाठी खुली होतात. आपण तीच वापरणार आहोत.

मुलं हमखास विचारतात, "सर, आपल्या खोडदच्या जीएमआरटीने नाही का होणार?" नारायणगावजवळच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटरच्या, साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी पकडतात. मोठ्या सेंद्रिय रेणूंच्या ठळक रेषा याच्या शंभर-दोनशेपट वरच्या वारंवारतेला असतात. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा: अवकाशात मिथेनॉल पहिल्यांदा १९७० साली सापडलं ते ८३४ मेगाहर्ट्झला, म्हणजे जीएमआरटीला ऐकू येईल अशा पट्ट्यात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडद लोकांसाठी खुलं असतं. एकदा जाऊन याच.

पहिली पायरी: रेषा म्हणजे काय, ते स्वतः आकडेमोड करून समजून घ्या

वायूतला रेणू गिरक्या घेत असतो, पण हव्या त्या वेगाने नाही. त्याला ठरावीक पायऱ्याच परवानगीच्या आहेत. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर येताना तो ठरावीक वारंवारतेची लहर सोडतो. वर्णपटात ती रेषा म्हणून दिसते. पायऱ्या कुठे असतील हे रेणूच्या आकारावर आणि त्यात वजन कसं वाटलं गेलंय यावर ठरतं.

कार्बन मोनॉक्साइड घ्या. त्याच्या पहिल्या तीन रेषा ११५.२७१, २३०.५३८ आणि ३४५.७९६ गिगाहर्ट्झला आहेत. पहिलीला दोनाने आणि तिनाने गुणून बघा. २३०.५४२ आणि ३४५.८१३ येईल. खरी दुसरी रेषा सुमारे ४ मेगाहर्ट्झने खाली आहे आणि तिसरी सुमारे १७ने. चूक कुठे झाली? कुठेच नाही. जोरात फिरताना कार्बन आणि ऑक्सिजनमधला बंध किंचित ताणला जातो, रेणू लांबतो, आणि रेषा खाली सरकतात. एका रेणूचा बंध ताणला गेल्याचं आपल्याला गुणाकारातून कळतं. हा गुणाकार वहीत केल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढचं सगळं काम याच्याच जोरावर चालतं.

आठ-दहा अणूंच्या रेणूला एका ओळीतल्या समान अंतराच्या रेषा नसतात. शेकडो रेषा असतात, वरवर विस्कळीत, पण प्रत्येकीची जागा ठरलेली. वडील यंत्रमागावर होते, त्यामुळे मला हे चादरीवरून समजलं. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर काढतात, मग एकेका ओळीसाठी एकेक पुठ्ठ्याचं कार्ड पंच करतात, आणि कार्डांची माळ जॅकार्डवर चढते. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. जाणता माणूस कार्डांची माळ नुसती हातात धरून सांगायचा की हा मोर आहे की कमळ. एका भोकावरून कुणी सांगत नसे. आणि भोक जिथे नको तिथे नसणं हेही भोकाइतकंच नक्षीचा भाग असायचं.

ज्या रेणूत विद्युतभार दोन्ही बाजूंना सारखा वाटलेला असतो तो अशा गिरक्यांनी रेडिओलहरी सोडत नाही. मिथेन, बेंझिन या पद्धतीने सापडत नाहीत ते यामुळे. म्हणूनच २०१८ साली बेंझिनच्या कड्याला सायनाइडचं शेपूट असलेलं बेंझोनायट्राइल वृषभ राशीतल्या टीएमसी-१ या ढगात सापडलं तेव्हा इतका आनंद झाला. शेपटामुळे ते कडं बोलायला लागलं.

दुसरी पायरी: ढग निवडा, आणि तो का निवडला ते सांगता आलं पाहिजे

२०१८ आणि २०१९ साली पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने) सोलापूरवरच्या ढगांवर विमानं नेऊन अभ्यास केला, तो अनेकांना आठवत असेल. थेंब धरायला ढगात सूक्ष्म कण लागतात, ही गोष्ट तेव्हा घराघरांत पोहोचली. ताऱ्यांच्या जन्मढगातही कणच महत्त्वाचे. फार थंड गाभ्यात, उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास, वायूतला कार्बन मोनॉक्साइड धुळीच्या कणांवर गोठतो. त्यावर हायड्रोजनचे अणू एकेक करून चिकटतात. आधी फॉर्मल्डिहाइड बनतं, मग मिथेनॉल. त्यातून आणखी मोठे रेणू घडतात. पुढे आतला बालतारा तापला की बर्फाचं आवरण उडून जातं, उणे १७० अंशांच्या आसपास, आणि आतापर्यंत गोठलेलं सगळं वायूत येतं. ते आपल्याला दिसतं.

सहा किंवा जास्त अणूंच्या कार्बनी रेणूला खगोलशास्त्रात 'जटिल सेंद्रिय रेणू' म्हणतात. त्यातल्या काहींची जीवसृष्टीच्या घटकांशी थेट नाळ आहे. फॉर्ममाइड, १९७१ साली धनु बी२ या प्रचंड ढगात सापडलेलं, प्रथिनांत असतो तसा कार्बन-नायट्रोजन बंध बाळगतं. २००८ साली तिथेच ग्लायसिन या सगळ्यात साध्या अमिनो आम्लाचा जवळचा नातेवाईक अमिनोअसिटोनायट्राइल सापडला. आपल्याकडे मळीपासून जे इथेनॉल काढतात, तेही त्याच ढगात १९७५ सालीच सापडलं आहे. अवकाशात आजवर ओळखलेल्या रेणूंची संख्या ३००च्या वर गेली आहे.

यादी वाचून नवखा माणूस धनु बी२कडे धावतो. माझा सल्ला आहे, सुरुवात तिथून करू नका. तो ढग आकाशगंगेच्या केंद्रापाशी आहे आणि आतला वायू खूप ढवळलेला, त्यामुळे एकेक रेषा रुंद होऊन शेजारणीवर पसरते. मृगातल्या बाणाखालच्या तेजोमेघाच्या मागे असलेला ओरायन केएल हा ढग जवळ आहे, पण तिथेही रेषा जाडच. आयरास १६२९३ मधल्या 'बी' या ताऱ्याभोवती मात्र रेषेची रुंदी (ती वायूच्या गतीमुळे येते, म्हणून वेगातच मोजतात) जेमतेम सेकंदाला एक किलोमीटर वेगाएवढी आहे. रेषा सुईसारख्या बारीक, सुट्या दिसतात. शिकायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

तिसरी पायरी: डेटा उतरवा आणि नुसता बघत बसा

आल्माच्या अर्काइव्हमध्ये, म्हणजे तिच्या ऑनलाइन डेटासंग्रहात, शोधखिडकीत ढगाचं नाव टाका, किंवा २०१३.१.००२७८.एस हा प्रकल्प क्रमांक. हे 'पिल्स' नावाचं सर्वेक्षण. त्यात ३२९ ते ३६३ गिगाहर्ट्झचा पट्टा सलग ऐकला आहे. खुल्या डेटासाठी खातं उघडावं लागत नाही. फाइली मोठ्या असतात, काही गिगाबाइटच्या. अर्काइव्ह डाउनलोडची स्क्रिप्ट देतं, ती वापरा. वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. आमच्याकडे रात्री लावून सकाळी बघायची पद्धत आहे.

बघण्यासाठी कार्टा नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. फिट्स फाइल (खगोलशास्त्रातला डेटा याच प्रकारच्या फाइलीत येतो) उघडली की वारंवारतेमागून वारंवारतेची चित्रं एकावर एक रचलेली मिळतात, चादरींच्या गठ्ठ्यासारखी. एका बिंदूवर क्लिक केलं की गठ्ठ्यातून आरपार जाणारा वर्णपट दिसतो.

इथे एक बारकावा आहे, तो मला कुणी वेळेवर सांगितला नव्हता. साहजिकच आपण 'बी'च्या सगळ्यात तेजस्वी बिंदूवर क्लिक करतो. तिथे धूळ इतकी दाट आहे की काही रेषा उजळ दिसण्याऐवजी खड्ड्यासारख्या, शोषणात दिसतात. बिंदू नैर्ऋत्येला अर्धा आर्कसेकंद सरकवा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). 'पिल्स'चा चमूही असाच बाजूचा बिंदू वापरतो. रेषा लगेच मोकळ्या होतात.

वर्णपट उघडला की पहिले दोन दिवस काहीही ओळखू नका. या एका बिंदूच्या पट्ट्यात दहा हजारांहून अधिक रेषा आहेत. नजर बसू द्या.

चौथी पायरी: वेग वजा करा

ढग आपल्यापासून दूर जात असेल तर रेषा खाली सरकते. पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेब आल्माने आधीच केलेला असतो, ढगाची स्वतःची गती आपण काढायची. सूत्र सोपं: रेषेची मूळ वारंवारता गुणिले वेग, भागिले प्रकाशाचा वेग. 'बी'चा वेग सेकंदाला सुमारे २.७ किलोमीटर. मिथेनॉलच्या ३३८.४०९ गिगाहर्ट्झच्या रेषेसाठी हे सरकणं ३ मेगाहर्ट्झ येतं, म्हणजे ती तुम्हाला ३३८.४०६ ला दिसेल. तीनच मेगाहर्ट्झ, पण एवढ्या गर्दीत तेवढ्यात दुसराच रेणू बसतो.

वेग तपासायला मिथेनॉलचाच हा झुबका वापरा. ३३८.१२४, ३३८.३४५, ३३८.४०९ आणि त्यापुढच्या रेषा अर्ध्या गिगाहर्ट्झमध्ये एकापाठोपाठ उभ्या आहेत. सगळ्या एकाच अंतराने सरकलेल्या दिसल्या तर तुमचा वेग बरोबर. कार्बन मोनॉक्साइडवरून वेग काढू नका. तो ढगात सगळीकडे पसरलेला असतो, त्याची रेषा वेडीवाकडी येते.

पाचवी पायरी: कॅटलॉगला विचारा, पण पहिल्या उत्तरावर थांबू नका

प्रयोगशाळेत मोजलेल्या रेषांच्या दोन मोठ्या नोंदवह्या आहेत: जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाची सीडीएमएस आणि अमेरिकेतली जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेची. दोन्ही एकत्र शोधायला स्प्लॅटालॉग हे संकेतस्थळ आहे. कार्टामधूनही थेट विचारता येतं. एका रेषेसाठी दोन मेगाहर्ट्झचा पट्टा विचारला की दहा-वीस उमेदवार येतात, त्यात अवकाशात कधीच न सापडलेलेही. प्रत्येकासमोर तीन गोष्टी बघा. वरच्या पायरीची ऊर्जा किती, रेषेची मूळ ताकद किती, आणि हा रेणू अशा ढगात पूर्वी कुणी पाहिला आहे का. ऊर्जा इथे तापमानाच्या एककात, केल्विनमध्ये सांगतात; ती हजार केल्विनच्या वर असेल तर तो उमेदवार बहुतेक बाद.

मूळ नोंदवह्यांतली ऊर्जा खालच्या पायरीची असते आणि सेंटिमीटरच्या व्यस्त एककात असते, हे विसरू नका. १.४३९ ने गुणलं की केल्विन मिळतात. वरची पायरी हवी तर ३४५ गिगाहर्ट्झच्या आसपास त्यात १६.६ केल्विन मिळवा.

सहावी पायरी: नसलेली रेषा शोधा

या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं ते इथे आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात एका रात्री मला एक रेषा ग्लायकोलअल्डिहाइडच्या जागी अचूक बसलेली दिसली. वेग बरोबर, रुंदी बरोबर. मी लगेच दोन विद्यार्थ्यांना फोन लावला. सकाळी त्यातल्या एकीने विचारलं, "सर, याच रेणूच्या बाकीच्या रेषा कुठायत?" बघितलं तर तितक्याच ताकदीच्या चार रेषा त्याच फाइलमध्ये यायला हव्या होत्या. एक होती, दोन शेजाऱ्यांखाली दबलेल्या असू शकतील, आणि एका जागी पट्टा स्वच्छ, रिकामा होता. त्या रिकाम्या जागेने माझा दावा संपवला. रेषा मिथाइल फॉर्मेटची होती. ग्लायकोलअल्डिहाइड तिथे आहे हे खरं, ते प्रसिद्धही झालेलं आहे, पण मी दाखवलेली रेषा त्याची नव्हती.

मिथाइल फॉर्मेट, ग्लायकोलअल्डिहाइड आणि असेटिक आम्ल यांत दोन कार्बन, चार हायड्रोजन, दोन ऑक्सिजन, अगदी तेवढेच अणू असतात. तागडीवर तिघांचं वजन सारखं. सूत तेच, नक्षी वेगळी. गिरकी आकारावर अवलंबून असल्यामुळे रेडिओ वर्णपट तिघांना वेगळं ओळखतो, आणि हीच या पद्धतीची ताकद आहे. पण मिथाइल फॉर्मेट बाकी दोघांपेक्षा ढगात खूप जास्त असतं, आणि त्याच्या रेषा जिकडेतिकडे निघतात. म्हणून आधी त्याची पूर्ण नक्षी काढून बाजूला ठेवा, मगच दुर्मीळ रेणूंकडे वळा.

हे काम हाताने होत नाही. कॅसिस हे फ्रान्समधल्या तुलूजच्या शास्त्रज्ञांनी बनवलेलं मोफत सॉफ्टवेअर घ्या. रेणू, तापमान आणि प्रमाण दिलं की तो रेणू असता तर अख्खा वर्णपट कसा दिसला असता हे ते काढून दाखवतं. त्याआधी तेजाचं एकक केल्विनमध्ये बदलून घ्या. अर्ध्या आर्कसेकंदाच्या गोल बीमला (दुर्बिणीला सुटा दिसणारा सगळ्यात छोटा ठिपका) ३४५ गिगाहर्ट्झवर एक जान्स्की, म्हणजे रेडिओ तेजाचं नेहमीचं एकक, सुमारे ४१ केल्विन भरतं. मग मॉडेलची रेषा खऱ्या वर्णपटावर ठेवा आणि जुळलेल्या जागांपेक्षा न जुळलेल्या जागांकडे आधी बघा. मॉडेल उंच आणि आकाश रिकामं असेल, तर तापमान बदला. कुठल्याच तापमानाला जुळत नसेल, तर तो रेणू सोडा.

मोठमोठ्यांनाही ही कसोटी लागू झाली आहे. २००३ साली ग्लायसिन, म्हणजे सगळ्यात साधं अमिनो आम्ल, तीन जन्मढगांत सापडल्याचा दावा झाला. २००५ साली दुसऱ्या गटाने तो दावा वेगळ्या डेटावर रेषान् रेष तपासला आणि दाखवून दिलं की ग्लायसिनच्या ज्या ठळक रेषा दिसायलाच हव्यात त्या तिथे नाहीत. त्याच कामातून ओळख पक्की करण्याचे निकष घालून दिले गेले. ते आजही पाळले जातात. ग्लायसिन ६७पी या धूमकेतूच्या वायूत रोझेटा यानाला मिळालं, ते २०१६ साली जाहीर झालं. उल्कांतही ते मिळालं आहे. ताऱ्यांच्या जन्मढगात मात्र त्याची पक्की ओळख अजून पटलेली नाही. शोधणारे शोधत आहेत आणि मला या शोधाबद्दल फार आस्था आहे.

सातवी पायरी: किती आहे?

ओळख पटल्यावर प्रमाण काढणं तुलनेने सोपं. प्रत्येक रेषेवरून वरच्या पायरीवर किती रेणू आहेत ते काढा, पायरीच्या वजनाने (त्याच ऊर्जेच्या किती अवस्था आहेत तो आकडा) भागा, त्याचा लॉगरिदम उभ्या अक्षावर घ्या आणि ऊर्जा केल्विनमध्ये आडव्या अक्षावर. बिंदू सरळ रेषेत पडले तर उतारावरून तापमान मिळतं, आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते त्यावरून प्रमाण. 'बी'पाशी ग्लायकोलअल्डिहाइड सुमारे ३०० केल्विनचं निघतं. म्हणजे आपल्या गच्चीवरच्या हवेएवढं तापलेलं.

ठळक रेषांचे बिंदू सरळ रेषेच्या खाली लोंबकळत असतील तर त्या रेषा भरून गेल्या आहेत, म्हणजे रेणू वाढले तरी त्या आणखी उंच होत नाहीत, असं समजा. तिथे साध्या कार्बनऐवजी कार्बन-१३ असलेल्या रेणूची रेषा मोजायची. आपल्या भागातल्या वायूत ६८ साध्या कार्बनमागे साधारण एक कार्बन-१३ असतो, त्यावरून मूळ प्रमाण काढता येतं.

वही

प्रत्येक रेषेसाठी एक ओळ: दिसलेली वारंवारता, वेग वजा केल्यावरची वारंवारता, उंची, रुंदी, उमेदवार, आणि त्या उमेदवाराच्या बाकीच्या रेषांपैकी किती दिसल्या, किती दबल्या, किती नाहीत. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती ओळख आमच्या गटात मोजली जात नाही. सगळं करूनही काही रेषा कुणाच्याच नावावर चढत नाहीत. त्यांच्यासमोर 'यू' लिहायचं, अनोळखी म्हणून, आणि वारंवारता तिसऱ्या दशांशापर्यंत नोंदवायची. कुठल्यातरी प्रयोगशाळेत एखादा नवा रेणू मोजून सीडीएमएसमध्ये चढला की आम्ही ती पानं पुन्हा उघडतो आणि 'यू'ची यादी नव्या रेणूशी ताडून बघतो. मागच्या वेळी बसलो तेव्हा आमच्या वहीत त्या ४१ होत्या.